इटालियन क्राइम सिनेमा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न (आणि जरा लांबलेली उत्तरं)

इटालियन क्राइम सिनेमा म्हणजे गॉडफादरच ना?

नाही हो. गॉडफादर अमेरिकन पिक्चर आहे, हॉलिवूडच्या पैशाने अमेरिकेत बनलेला, डायरेक्टर इटालियन वंशाचा असला म्हणून काय झालं. इथे बोलतोय ते इटलीत, इटालियन लोकांनी, आपल्याच शहरांतल्या गुन्हेगारीवर काढलेल्या सिनेमांबद्दल. मिलान, रोम, नेपल्स, जिनोआ, तुरिन, पालेर्मो. त्यातला सगळ्यात गाजलेला काळ साधारण १९७२ ते १९७९, आणि त्या काळातल्या पोलिसी मारधाड पिक्चरांना 'पोलित्सियोत्तेस्की' म्हणतात. समीक्षकांनी हे नाव हिणवायला दिलं होतं, पण तेच चिकटलं आणि आता चाहते ते प्रेमाने वापरतात.

मग सुरुवात १९७२ ला झाली का?

त्याच्या बरीच आधी. मुसोलिनीच्या राज्यात इटलीत गुन्हेगारी आहे हे पडद्यावर दाखवणंच अवघड होतं, चिनेचित्ता स्टुडिओ १९३७ ला उभा राहिला खरा पण त्यातून श्रीमंत घरांतल्या गोड गोष्टीच जास्त निघायच्या. युद्ध संपल्यावर हे बदललं. आल्बेर्तो लात्तुआदाने १९४६ ला युद्धातून परतलेला सैनिक गुन्हेगार कसा होतो ते दाखवलं, पिएत्रो जेर्मीने १९४९ ला सिसिलीतला माफिया पडद्यावर आणला.

पण खरी उडी म्हणजे फ्रांचेस्को रोझीचा १९६२ चा 'साल्वातोरे जुलियानो'. सिसिलीतला खराखुरा डाकू, १९५० ला मारला गेलेला. पिक्चर सुरूच होतो एका अंगणात पालथ्या पडलेल्या त्याच्या प्रेतावर, पोलिस पंचनामा लिहून घेतायत, पत्रकार वरच्या गॅलरीतून डोकावतायत. आणि ज्याच्या नावाचा पिक्चर आहे त्याचा चेहरा तुम्हाला जवळपास दिसतच नाही! शूटिंग खऱ्या गावांत, भूमिका बऱ्याचशा तिथल्याच लोकांच्या. कोणी कोणाला वापरलं, सरकार, माफिया, पोलिस, हे रोझी विचारत राहतो आणि सोपं उत्तर देत नाही. पुढच्या कितीतरी जणांनी त्याच्याकडून शिकलं.

मग १९६८ ला कार्लो लित्सानीचा 'बांदिती आ मिलानो'. २५ सप्टेंबर १९६७ ला कावालेरो टोळीने मिलानमध्ये बँक लुटली आणि पोलिस मागे लागल्यावर भर रस्त्यात गोळीबार करत शहरभर पळाली, त्यात रस्त्यावरची साधी माणसं मेली. लित्सानीने काही महिन्यांत पिक्चर तयार करून थिएटरला लावला सुद्धा. पहिला काही भाग तर डॉक्युमेंटरीसारखा आहे, आणि मग तो पाठलाग, जो बघताना आपण बातमी बघतोय की सिनेमा हेच कळेनासं होतं. टोळीचा म्होरक्या झालाय जानमारिया व्होलोंते, त्याचा फुशारकी मारणारा, कॅमेऱ्यावर खूश होणारा गुन्हेगार फार भारी आहे. पुढच्या दहा वर्षांचा सगळा मालमसाला इथे आहे: खरं शहर, खरी बातमी, गाड्या, आणि पोलिसांची दमछाक.

पण सत्तरच्या दशकातच एवढं पेव का फुटलं?

कारण इटलीत खरंच तसं चाललं होतं. १२ डिसेंबर १९६९ ला मिलानच्या पियात्सा फोंतानामधल्या बँकेत बॉम्ब फुटला, १७ जण गेले. पोलिसांनी अराजकवाद्यांना धरलं, त्यातला पिनेल्ली नावाचा रेल्वे कामगार चौकशी चालू असताना पोलिस मुख्यालयाच्या खिडकीतून पडून मेला. त्या तपासातला अधिकारी कालाब्रेसी याला १९७२ च्या मे महिन्यात घराबाहेर गोळ्या घातल्या. डावे दहशतवादी, उजवे दहशतवादी, शिवाय खंडणीसाठी अपहरणं, बँक दरोडे, हेरॉइन. १९७३ ला रोममधून अब्जाधीश गेटीच्या नातवाला पळवलं आणि पैसे मिळत नाहीत म्हणून त्याचा कान कापून पाठवला. इटलीत या काळाला 'शिशाची वर्षं' म्हणतात, शिसं म्हणजे बंदुकीच्या गोळीतलं.

माणूस सकाळी हे पेपरात वाचायचा आणि संध्याकाळी तेच थिएटरात बघायचा.

दुसरं कारण धंद्याचं. इटलीचे काऊबॉय पिक्चर तोवर थकले होते आणि ते बनवणारी सगळी टोळी, डायरेक्टर, स्टंटमन, कॅमेरामन, संगीतकार, मोकळी होत होती. त्यांना फायटिंग, गोळीबार, कमी पैशात मोठा सीन हे सगळं हातात बसलेलं, घोड्यांच्या जागी अल्फा रोमिओ आल्या एवढंच. आणि तेवढ्यात अमेरिकेतून 'डर्टी हॅरी', 'फ्रेंच कनेक्शन' येऊन धो धो चालले.

म्हणजे डर्टी हॅरीची नक्कल?

हा आरोप जुना आहे आणि अर्धाच खरा आहे. पोलिस ऑफिसर वैतागलेला, वरचे हात बांधणारे, शेवटी तो नियम मोडतो, हा साचा तिकडून आला हे मान्य. पण या लाटेची सुरुवात ज्या पिक्चरने झाली असं बहुतेक जण धरतात तो १९७२ चा 'ला पोलित्सिया रिंग्रात्सिया' नीट बघा. एन्रिको मारिया सालेर्नो कमिशनर आहे, गुन्हेगार सुटतात म्हणून तोही चिडलेलाच आहे, पण त्याला सापडतं काय, तर माजी पोलिसांची गुप्त टोळी जी गुन्हेगारांना स्वतःच ठार मारत सुटली आहे आणि जिच्यामागे सत्ता उलथवायचं स्वप्न बघणारे बडे लोक आहेत. म्हणजे खलनायक कोण, तर कायदा हातात घेणारेच! अमेरिकन पिक्चरमध्ये व्यवस्था ढिली असते, इटालियन पिक्चरमध्ये व्यवस्थाच गुन्ह्यात सामील असते, हा फरक फार मोठा आहे. आणि हा पिक्चर काढला स्तेनोने, जो तोवर कॉमेडीसाठी प्रसिद्ध होता. यावर त्याने टोपणनाव सोडून स्तेफानो व्हान्झिना हे खरं नाव लावलं.

एलिओ पेत्रीचा १९७० चा पिक्चर आठवा, ज्यात बडा पोलिस अधिकारी आपल्या प्रेयसीचा खून करतो आणि मुद्दाम पुरावे मागे ठेवतो, बघू तरी मला अटक करायची हिंमत कोणात आहे. त्याला परदेशी सिनेमाचं ऑस्कर मिळालं. तो पोलित्सियोत्तेस्को नाही, पण त्याची शंका पुढच्या प्रत्येक स्वस्त पिक्चरमध्ये झिरपली आहे.

सगळ्यांची नावं सारखीच का वाटतात?

कारण मुद्दाम तशी ठेवली होती. शहराचं नाव, 'पोलिस' हा शब्द, आणि हिंसा किंवा बंदूक. 'रोमा व्हियोलेंता', 'नापोली व्हियोलेंता', 'रोमा आ मानो आर्माता'. एक चालला की वितरक पुढच्याला तसंच नाव मागायचे.

फर्नांदो दी लेओ एवढा का नावाजला जातो?

कारण त्याला पोलिसांपेक्षा गुन्हेगारांत जास्त रस होता आणि त्यांच्याबद्दल त्याला कसलाच भाबडेपणा नव्हता. 'मिलानो कालिब्रो ९' (१९७२), 'ला माला ओर्दिना' (१९७२) आणि 'इल बॉस' (१९७३), हे तीन पिक्चर मिळून त्याची टोळीवाल्यांची त्रयी. पहिल्याच्या मागे जॉर्जो शेर्बानेंको या मिलानच्या लेखकाच्या कथा आहेत, निदान नाव आणि वातावरण तरी.

'मिलानो कालिब्रो ९' ची सुरुवात बघाच. मिलानच्या कॅथेड्रलसमोरच्या चौकात एक पुडकं या हातातून त्या हातात जातंय, कोणी बोलत नाही, नुसतं संगीत वाजतंय, लुईस बाकालोव्हचं, सोबत ओसान्ना हा नेपल्सचा रॉक बँड. पुडकं पोचतं आणि आत डॉलरऐवजी कोरे कागद. मग ज्यांच्या ज्यांच्या हातातून ते गेलं त्यांना उचलतात, मारतात, गुहेत बांधून डायनामाइटने उडवतात. पाच-सात मिनिटांत सगळी दुनिया कळली: इथे चूक कोणाची हे शोधायचे कष्ट कोणी घेत नाही, सगळ्यांनाच संपवतात. त्यानंतर गास्तोने मोस्किन जेलमधून सुटतो, टक्कल, दगडासारखा चेहरा, आणि प्रत्येकाला वाटतंय पैसे यानेच लपवलेत. त्यातच दोन पोलिस अधिकारी आहेत, एक कडक उजवा, एक डावा, आणि ते पिक्चर थांबवून एकमेकांशी वाद घालतात की गुन्हेगारी गरिबीतून येते की काय. काहींना ते सीन कंटाळवाणे वाटतात, मला वाटतं त्यांच्याशिवाय हा पिक्चर नुसता मारामारीचा झाला असता.

दुसऱ्यात मारियो आडोर्फ साधा दलाल आहे, त्याला मारायला अमेरिकेतून दोन हिटमन येतात. त्याच्या बायको-मुलीला मारल्यावर तो व्हॅनच्या मागे धावतो, लटकतो, आणि शेवटी चालत्या व्हॅनची काच डोक्याने धडका देऊन फोडतो. डोक्याने! त्यात अॅक्शन हिरोची ऐट कुठेच नाही, वेडा झालेला बाप आहे. हॉलिवूडचा डायरेक्टर टारँटिनो दी लेओचं नाव जाहीरपणे घेतो.

मेर्ली आणि मिलिआन, दोघांत काय फरक?

दोघेही या पिक्चरांचे हिरो. मौरित्सियो मेर्ली म्हणजे सोनेरी केस, जाड मिशा, रागाने लाल झालेला कमिशनर. फ्रांको नेरोसारखा दिसतो म्हणून त्याला उचललं असं म्हणतात, आणि नेरोच्या १९७३ च्या जिनोआतल्या पिक्चरचं यश ताजं होतं. १९७५ च्या 'रोमा व्हियोलेंता' पासून त्याचा जम बसला. बरेच स्टंट स्वतः करायचा. १९८९ ला टेनिस खेळून झाल्यावर हार्ट अटॅकने गेला, पन्नाशीही झाली नव्हती.

तोमास मिलिआन जन्माने क्युबाचा, न्यूयॉर्कच्या अॅक्टर्स स्टुडिओत शिकलेला, आणि इटलीत येऊन रोमच्या झोपडपट्टीचा लाडका झाला. उंबेर्तो लेन्झीच्या १९७४ च्या 'मिलानो ओदिया' मध्ये तो जो घाबरट, नशेबाज, क्रूर अपहरणकर्ता आहे तो बघून अंगावर काटा येतो, कारण तो अजिबात हुशार नाही, त्याला फक्त मोठं व्हायचंय. नंतर 'रोमा आ मानो आर्माता' मधला कुबडा, मग मोन्नेत्सा हा भुरटा चोर, मग निको जिराल्दी हा लोकरी टोपीतला पोलिस, ज्याचे ब्रुनो कोर्बुच्चीने ११ पिक्चर काढले. मेर्ली एकच सूर जोरात लावतो, मिलिआन दर वेळी वेगळाच माणूस. मी मिलिआनच्या बाजूचा आहे.

पैसे कुठून यायचे?

मोठी कंपनी क्वचित. निर्माता पिक्चरचं नाव, पोस्टर आणि हिरो ठरवून वेगवेगळ्या भागांतल्या वितरकांकडे जायचा, ते ठरावीक रकमेची हमी द्यायचे, ती हमी दाखवून बँकेतून पैसे उचलायचे आणि शूटिंग सुरू. त्यामुळे स्क्रिप्ट पूर्ण नसली तरी चालायची पण पोस्टर हवंच. परदेशात विकायला म्हणून एखादा अमेरिकन नट घ्यायचा: हेन्री सिल्व्हा, मार्टिन बाल्सम, जॅक पॅलन्स. स्पेन किंवा फ्रान्सची कंपनी भागीदार असली तर तिकडचेही कलाकार घ्यावे लागायचे, म्हणून मिलानच्या टोळीत अचानक स्पॅनिश चेहरा दिसतो.

आणि जे अँड बी व्हिस्कीची बाटली! प्रत्येक कपाटात, प्रत्येक बारमध्ये, लेबल कॅमेऱ्याकडे करून. त्या काळच्या इटालियन पिक्चरमध्ये ती शोधणं हा चाहत्यांचा खेळच झालाय.

थिएटरांचीही उतरंड होती. आधी शहरातली मोठी पॉश थिएटरं, मग दुसऱ्या फेरीची, मग उपनगरं आणि खेड्यातली तिसऱ्या फेरीची जिथे तिकीट स्वस्त आणि पिक्चर महिनोन्‌महिने फिरत राहायचा. मोठ्या समीक्षकाने झोडपलं तरी निर्मात्याला फरक पडायचा नाही, त्याचा बराचसा पैसा खालच्या दोन फेऱ्यांतून यायचा.

ते पाठलाग खऱ्या ट्रॅफिकमध्येच शूट केलेत का?

बऱ्याच वेळा हो, आणि परवानगी न घेता. रस्ता बंद करायचा म्हणजे पैसे आणि वेळ, दोन्ही नाहीत. मग पहाटे किंवा सुट्टीच्या दिवशी हलका कॅमेरा घेऊन जायचं, दोन टेक मारायचे आणि पोलिस यायच्या आत निघायचं. म्हणून या पिक्चरांत मागे वळून बघणारी, दचकून बाजूला होणारी माणसं खरी आहेत. रुग्गेरो देओदातोच्या १९७६ च्या पिक्चरची सुरुवात म्हणजे रोमच्या गर्दीतून मोटरसायकलींचा लांबच लांब पाठलाग, तो असाच उरकलेला. 'नापोली व्हियोलेंता' मध्ये एका गुन्हेगाराला ठरल्या वेळी पोलिस ठाण्यात हजेरी लावावी लागते, तो त्याच्या अलीकडे दरोडा टाकतो आणि मोटरसायकलवरून नेपल्सच्या ट्रॅफिकमधून सुसाट सही करायला पोचतो, कॅमेरा त्याच्यासोबत, बस अंगावर येतायत. हे धोकादायक होतं, बेजबाबदार होतं, आज कोणी करू नये. पण सत्तरच्या दशकातला नेपल्सचा रस्ता जसा होता तसा, भिंतीवरच्या राजकीय घोषणा, पोस्टरं, दुकानांच्या पाट्या, पार्क केलेल्या फियाट, हे सगळं त्याच्यामुळे शिल्लक राहिलं. मोठ्या बजेटच्या पिक्चरनी रस्ते धुऊन पुसून घेतले, यांना ते परवडत नव्हतं म्हणून यांच्याकडे खरा इटली आहे. एवढ्यासाठी तरी हे पिक्चर जपले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

डायरेक्टर एन्झो कास्तेल्लारी मात्र वेगळा गडी, तो ठरवून, मापून शूट करायचा. त्याच्या 'इल ग्रांदे रॅकेट' (१९७६) मध्ये फाबियो तेस्ती बसलेली गाडी उतारावरून गडगडते आणि कॅमेरा आत, तेस्तीसोबत, काचांचे तुकडे स्लो मोशनमध्ये हवेत गोल फिरतायत. कॉम्प्युटर नसताना हे केलंय.

गाड्यांबद्दल सांगा ना!

पोलिसांची अल्फा रोमिओ जुलिया, हीच खरी हिरॉइन. चोरांकडे पण बहुधा अल्फाच. आणि एक गोष्ट ऐकून विश्वास बसणार नाही पण खरी आहे: रोम पोलिसांकडे साठच्या दशकात काळी फेरारी २५० जीटीई होती आणि आर्मांदो स्पाताफोरा हा पोलिस ड्रायव्हर ती चालवायचा. त्याच्यावरून स्तेल्व्हियो मास्सीने १९७७ ला 'पोलित्सियोत्तो स्प्रिंट' काढला. मास्सी मुळात कॅमेरामन, म्हणून त्याच्या पिक्चरमध्ये कॅमेरा बंपरच्या उंचीवर रस्ता चाटत जातो. स्टंट फ्रान्सच्या रेमी ज्युलियेनचे.

ओठ आणि आवाज जुळत का नाहीत? प्रिंट खराब आहे का?

प्रिंट ठीक आहे. तेव्हा इटलीत सेटवर आवाज रेकॉर्डच करत नसत, सगळं नंतर डब. सेटवर अमेरिकन नट इंग्लिश बोलतोय, इटालियन इटालियन, स्पॅनिश स्पॅनिश. त्यामुळे 'ओरिजिनल भाषा' असा प्रकारच नाही. डबिंग करणारे स्वतःच मोठे कलाकार होते. मिलिआनचा तो रोमन टपोरी आवाज बऱ्याच पिक्चरमध्ये फेर्रुच्चो आमेन्दोलाचा आहे, आणि इटलीतल्या प्रेक्षकांसाठी डी नीरो, पचिनो, स्टॅलोन यांचाही आवाज तोच!

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मुंबईतही वर्षानुवर्षं आवाज करणाऱ्या अॅरी कॅमेऱ्यावर शूट करून सगळं नंतर डब व्हायचं, २००१ च्या 'लगान' ने सेटवरच्या आवाजाची पद्धत पुन्हा रुळवली.

संगीत एवढं भारी कसं?

कारण देशातले सगळ्यात भारी लोक ते करत होते आणि भरपूर करत होते. मोरिकोने, बाकालोव्ह, स्तेल्व्हियो चिप्रियानी, फ्रांको मिकालित्सी, दे अँजेलिस बंधू. फंक बास, तापलेलं ब्रास, मध्येच व्हायोलिन. टारँटिनोने 'डेथ प्रूफ' मध्ये चिप्रियानी आणि मिकालित्सी दोघांचे तुकडे वापरलेत.

हे पिक्चर फॅसिस्ट आहेत का?

तेव्हाच्या डाव्या समीक्षकांनी तसं लिहिलं आणि त्याला कारण होतं. 'कोर्ट सोडून देतं, पोलिसांचे हात बांधलेत, ठोकून काढा' हा सूर कित्येक पिक्चरमध्ये आहे, मेर्लीच्या तर जास्तच. आणि बाहेर १९७५ ला 'लेज्जे रेआले' नावाचा कायदा आलेला, पोलिसांना गोळी चालवायची मोकळीक वाढवणारा, म्हणजे प्रश्न पडद्यापुरता नव्हता. पण दुसरीकडे तेच पिक्चर दाखवतात की वरचा साहेब, उद्योगपती, मंत्री हेच सूत्रधार. सेर्जो मार्तीनोच्या पिक्चरमध्ये दरोड्यांच्या मागे देशात अराजक माजवायचा राजकीय कट निघतो. उजवा राग आणि डावा संशय एकाच पिक्चरमध्ये, एकमेकांना न विचारता. माझ्या मते एकच शिक्का मारून चालणार नाही, प्रत्येक पिक्चर वेगळा बघावा लागतो.

बायकांच्या बाबतीत मात्र मी बाजू घेणार नाही. बहुतेक पिक्चरमध्ये त्यांना एक तर मारण्यासाठी ठेवलंय नाही तर अत्याचार दाखवण्यासाठी, आणि कॅमेरा तिथे नको तेवढा रेंगाळतो. नव्याने बघणाऱ्याने हे आधीच माहीत करून बसावं.

आणि माफियाचे पिक्चर?

ती शेजारची गल्ली. दामियानो दामियानीने १९६८ ला लिओनार्दो शाशाच्या कादंबरीवर पिक्चर काढला, १९७१ ला पालेर्मोतले बिल्डर, नेते आणि माफिया यांच्यावर. त्याच वर्षी मे महिन्यात पालेर्मोचे सरकारी वकील स्कालियोने यांचा भर रस्त्यात खून झाला. यात गोळीबार कमी, फायली आणि फोन जास्त, आणि भीती त्याहून जास्त.

मग हे सगळं बंद का पडलं?

टीव्ही. १९७६ ला इटलीच्या घटना न्यायालयाने स्थानिक खाजगी चॅनेलना परवानगी दिली आणि घरबसल्या दिवसभर पिक्चर फुकट दिसायला लागले. १९५५ ला इटलीत वर्षाला ८१ कोटींच्या वर तिकिटं विकली जायची, १९८० पर्यंत ती २४ कोटींच्या आसपास आली. तिसऱ्या फेरीची थिएटरं आधी बंद पडली आणि या पिक्चरांचा पायाच गेला. त्यात १९७८ ला आल्दो मोरो या माजी पंतप्रधानांचं अपहरण आणि खून झाला, ५५ दिवस सगळा देश श्वास रोखून बसलेला, त्यानंतर रस्त्यावरची गोळीबारी करमणूक म्हणून बघायची इच्छा लोकांची उरली नसावी. मिलिआनचे पिक्चर विनोदी होत गेले, नेपल्समध्ये गायक मारियो मेरोलाला घेऊन रडारडीचे टोळीयुद्ध पिक्चर थोडे चालले, बस.

गुन्हेगारी टीव्हीवर गेली. 'ला पिओव्ह्रा' ही माफियावरची मालिका १९८४ ला सुरू झाली, पहिला भाग दामियानीचाच. पुढे २००८ चा मात्तेओ गार्रोनेचा 'गोमोर्रा', नेपल्सच्या स्कांपिया या वस्तीतल्या खऱ्या इमारतींत शूट केलेला, तिथलीच माणसं घेऊन, त्यातल्या काहींना नंतर खऱ्या गुन्ह्यांत अटक झाली. मग त्याच नावाची मालिका, स्तेफानो सोल्लिमाच्या देखरेखीखाली. हा सेर्जो सोल्लिमाचा मुलगा, ज्याने १९७३ ला ऑलिव्हर रीडला घेऊन 'रिव्हॉल्व्हर' काढला होता!

कुठून बघायला सुरुवात करू?

आधी 'बांदिती आ मिलानो', मग 'मिलानो कालिब्रो ९', मग 'ला पोलित्सिया रिंग्रात्सिया'. पोटात दम असेल तर 'मिलानो ओदिया'. मेर्लीसाठी 'नापोली व्हियोलेंता'. भाषेचं म्हणाल तर इटालियन डब आणि सबटायटल्स घ्या, फक्त ऑलिव्हर रीड किंवा मार्टिन बाल्समसारखा नट मुख्य भूमिकेत असेल तर इंग्लिश ट्रॅक पण एकदा लावून बघा, कधी कधी त्याचा स्वतःचा आवाज तिथेच सापडतो. आणि यूट्यूबवरच्या कापलेल्या, पुसट प्रिंट टाळा, चांगल्या रिस्टोअर केलेल्या प्रती आता मिळतात, त्यात मिलानचं ते हिवाळ्यातलं करडं धुकं नीट दिसतं.